एप्रिल आला की एसीत गॅस भरायचा: हा दरवर्षीचा खर्च कसा थांबवायचा

मार्चअखेर एसी पहिल्यांदा लावला की वारा येतो, पण गारवा येत नाही. मेकॅनिक येतो, गेज लावतो, "गॅस कमी झालाय" म्हणतो आणि अडीच-तीन हजार घेऊन जातो. पुढच्या मार्चला पुन्हा तेच. वाशी, कोपरखैरणे, ऐरोली, इकडे ठाण्यात कोपरी, बाळकुम अशा खाडीलगतच्या वस्त्यांत हे इतकं अंगवळणी पडलंय की एसीचा गॅस म्हणजे स्कूटरचं पेट्रोल, वापरला की संपणारच, असं लोक धरून चालतात.

हा गॅस वापराने संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमध्ये तोच तो गोल फिरत राहतो. घरातला फ्रिज पंधरा-पंधरा वर्षं एकदाही गॅस न भरता चालतो, कारण त्याची सगळी जोडणी कारखान्यातच ब्रेझिंगने (वितळलेल्या धातूच्या डागाने) कायमची बंद केलेली असते. स्प्लिट एसीचे शेवटचे चार सांधे मात्र तुमच्या भिंतीवर, कुणीतरी शिडीवर उभं राहून पान्याने आवळलेले असतात. गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळला आहे. ती जागा न शोधता भरलेला गॅस म्हणजे फुटक्या माठात ओतलेलं पाणी.

खरंच गॅस कमी आहे का, ते आधी बघा

गार होत नाही म्हटल्यावर दर वेळी दोष गॅसचाच नसतो. जाळी धुतलेली नसेल, आतल्या कॉइलवर (गॅस फिरणाऱ्या नळ्या-पात्यांच्या जाळ्यावर) धुळीचा थर असेल, ब्लोअरच्या पात्यांत काळा गाळ बसला असेल किंवा आउटडोअरमागे (बाहेरच्या युनिटमागे) कबुतरांनी घरटं केलं असेल तरीही गारवा असाच जातो. बिना-इन्व्हर्टर एसीत कपॅसिटर कमजोर झाला की बाहेरचा पंखा हळू फिरतो. हे काम सहाशे-सातशेच्या आत होतं. म्हणून गेज लावू देण्याआधी सर्व्हिस करून घ्या. गलिच्छ कॉइलवर घेतलेलं प्रेशर दिशाभूल करतं: आतली कॉइल चोक असेल तर सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब) आपोआप खाली येतं आणि पुरेसा गॅस असतानाही कमी वाटतो. त्यावर आणखी गॅस ढकलला तर कॉइल साफ झाल्यावर तो जास्त होतो.

सर्व्हिसनंतर वीस मिनिटं एसी १८ अंशांवर, पंखा पूर्ण ठेवून चालवा. साधा डिजिटल थर्मामीटर आधी इनडोअरच्या वर, जिथून हवा आत जाते तिथे धरा. मग समोरच्या झोतात धरा. १० ते १२ अंशांचा फरक असेल तर गॅसकडे बघायची गरज नाही. दमट हवेत फरक थोडा कमी येतो. सात-आठच्या खाली राहिला तर शंका घ्यायला जागा आहे.

त्यानंतर बर्फ कुठे धरतोय ते बघा. बाहेरच्या युनिटला दोन पाइप येतात, एक बारीक आणि एक जाड. बारीक पाइपच्या व्हॉल्व्हवर पांढरं दव-बर्फ आणि जाड पाइप कोरडा, कोमट, तर गॅस कमी. संपूर्ण इनडोअर कॉइल गोठलेली आणि जाड पाइपही बर्फाने झाकलेला असेल तर बहुधा हवाच अडते आहे. जाळी, ब्लोअर बघा. गॅस कमी असताना इनडोअर कॉइलच्या एका कोपऱ्यातच बर्फ दिसतो आणि तोच वितळून भिंतीवर ओघळतो. "एसीतून पाणी गळतंय" म्हणून ड्रेन पाइप तीनदा साफ करूनही थांबत नसेल, तर त्याचं मूळ कधीकधी इथे असतं.

गेजच्या आकड्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण फसवणूक आणि अज्ञान दोन्ही इथेच खपतं. एसी बंद करून पंधरा-वीस मिनिटांनी ३० अंश हवेत आर-३२ या गॅसचं प्रेशर साधारण २६५ पीएसआय (दाबाचं एकक) दिसतं, आर-४१०ए चं २६० च्या आसपास, जुन्या आर-२२ चं १६० च्या आसपास. हे प्रेशर किती गॅस शिल्लक आहे ते सांगत नाही. आत थोडा जरी द्रव उरला असेल तरी आकडा तोच राहतो. गॅसच्या सिलिंडरमध्ये अर्धा गॅस उरला तरी प्रेशर सारखंच असतं, तसं. चालू एसीत आर-३२ आणि आर-४१०ए साठी सक्शन ११० ते १४० पीएसआय आणि आर-२२ साठी ६० ते ७५ ही नेहमीची चाल. पण इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर हळू फिरत असेल तर आकडा उगाच चढा दिसतो. त्यामुळे सेटिंग १६ वर, टर्बो मोडवर आणि खोली गरम असताना मोजलेलंच प्रेशर खरं धरायचं. रात्री गार खोलीत, इको मोडवर गेज लावून काढलेल्या निदानाला काही अर्थ नाही.

किती दिवसांत गॅस गेला, यावरून जागेचा अंदाज

भरल्यानंतर आठ-दहा दिवसांत गारवा गेला तर भोक मोठं आहे: नट सैल, फ्लेअरला (नटाखाली बसणाऱ्या, पसरवलेल्या पाइपच्या तोंडाला) चीर, किंवा पाइप कशाला तरी घासून झिजलेला. दोन-चार महिन्यांत गेला तर आतल्या कॉइलला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडल्याची शक्यता जास्त. पूर्ण हंगाम निघून पुढच्या उन्हाळ्यात कळलं तर फ्लेअर सांधा, सर्व्हिस व्हॉल्व्हची (गॅस भरायच्या तोंडाची) पिन किंवा अगदी बारीक छिद्र.

ही शेवटची गळती पकडणं सर्वांत अवघड, त्याचं कारण आकड्यांत आहे. दीड टनाच्या आर-३२ एसीत समजा ७५० ग्रॅम गॅस आहे. वर्षभरात १८० ग्रॅम गेला की गारवा जाणवण्याइतका उतरतो. म्हणजे दिवसाला अर्धा ग्रॅम. वायुरूपात हे तासाला जेमतेम १० मिलिलिटर होतं. सांध्यावर साबणाचा फेस लावून दहा सेकंद बघितलं आणि "लीकेज नाही" म्हटलं, तर ती तपासणी झालीच नाही. १ मिलिलिटरचा बुडबुडा फुगायला सहा मिनिटं लागतात. भांड्यांच्या लिक्विडचा दाट फेस, त्यात दोन थेंब ग्लिसरीन, एकेका सांध्यावर पाच-सात मिनिटं थांबून, टॉर्च मारून बघायचं. नंतर ओल्या फडक्याने पुसून टाकायचं.

फेसाआधी डोळ्यांनी बघा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं थोडं बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. नटाभोवती, व्हॉल्व्हच्या पितळी टोपीखाली किंवा कॉइलच्या टोकाच्या यू-बेंडवर (नळीच्या वळणावर) चिकट काळा डाग दिसला की निम्मं काम झालं. टोपी काढल्या काढल्या आत तेल असेल तर पिन व्हॉल्व्हच दोषी. पिन बदलायला काहीशे रुपये पुरतात. व्हॉल्व्हच्या टोप्याच गायब असणं हेही आपल्याकडे नेहमीचं. ती टोपी धुळीसाठी नसते, गॅस अडवणारं ते दुसरं झाकण असतं.

खाडीकाठी कॉइल का सडते

तांब्याला हवेतल्या ओलाव्याने फारसं काही होत नाही. त्याचे शत्रू वेगळे आहेत आणि ते आपल्याकडे सगळेच हजर आहेत.

ओहोटीला ठाणे खाडीच्या चिखलातून जो सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. उघडी गटारं आणि नाल्यांतूनही हाच वायू निघतो. तांब्यावर तो काळा थर धरतो. इनडोअर उघडल्यावर कॉइलचे यू-बेंड लालसर तपकिरी न दिसता काजळीसारखे काळे दिसले, तर तुमच्या घरात हेच चाललंय. चांदीवरही तो बसतो, त्यामुळे पीसीबीवरचे (एसीच्या इलेक्ट्रॉनिक पाटीवरचे) रिले आणि बारीक रेझिस्टरही याच घरांत वारंवार जातात. दोन वर्षांत कॉइल आणि पीसीबी दोन्ही गेले तर तो योगायोग समजू नका.

दुसरा प्रकार नव्या इंटिरिअरनंतर दिसतो. प्लायवुड, फेविकॉलसारखे गोंद, पॉलिश, रंग यांतून फॉर्मिक आणि ॲसेटिक आम्लाची वाफ महिनोन् महिने निघत राहते. कॉइलवर पाणी असतंच. त्यात ती विरघळते आणि तांब्यात मुंग्यांच्या वारुळासारखी सूक्ष्म बिळं पाडते. बाहेरून नळी धडधाकट दिसते. घरात सुतारकाम चालू असताना एसी लावून बसणं म्हणूनच महाग पडतं. काम होईपर्यंत इनडोअर प्लास्टिकने बंद ठेवा, नंतर दोन-तीन आठवडे खिडक्या उघड्या ठेवून खोलीतली वाफ निघून जाऊ द्या. बाथरूममध्ये ॲसिड टाकताना शेजारच्या बेडरूमचा एसी बंद आणि दार लावलेलं असावं.

तिसरा शत्रू कबुतर. त्याच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि अमोनिया व ओलावा एकत्र आले की ताणाखालचं पितळ उभं चिरतं. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवलेली पितळी काडतुसं याच कारणाने तडकत. आउटडोअरचे फ्लेअर नटही पितळीच असतात आणि आवळून ताणलेलेच असतात. छज्जावर विष्ठेचा ढीग असेल आणि नटाला लांबीच्या दिशेने केसाएवढी चीर असेल, तर पान्याने आणखी आवळू नका. नट बदला, फ्लेअर नव्याने करा आणि जाळी बसवा.

खारघर, कळंबोलीकडे तळोजा एमआयडीसी आणि ऐरोली ते तुर्भे पट्ट्यात टीटीसी औद्योगिक वसाहतीची हवा, घोडबंदर रोडला बांधकामाची धूळ, हे आणखी वर. दुकानदार ब्लू फिन किंवा गोल्ड फिन दाखवतो तेव्हा एक लक्षात असू द्या: तो लेप ॲल्युमिनियमच्या पात्यांवर असतो. गळती होते ते यू-बेंड आणि ब्रेझिंगचे सांधे बहुतेकदा उघडेच असतात.

गळती शोधण्याचा खरा क्रम

फेसाने सापडलं नाही तर नायट्रोजन लागतो: गॅस काढलेल्या नळ्यांत तो दाबाने भरायचा आणि दाब टिकतो का ते बघायचं. आर-३२ किंवा आर-४१०ए च्या एसीला साधारण ३०० ते ३५० पीएसआय, पण युनिटच्या पट्टीवर दिलेल्या कमाल प्रेशरच्या वर कधीच नाही. नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन भरणारा कारागीर दिसला तर काम तिथेच थांबवा. कॉम्प्रेसरचं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

उरलेला गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा. अनेक जण पंप-डाउन करून तो आउटडोअरमध्ये ओढतात. गळती मोठी असेल किंवा गॅस जवळपास संपला असेल तर हे करू नये, कारण कॉम्प्रेसर बाहेरची हवा आत खेचतो आणि हवा-तेलाचं मिश्रण दाबल्यावर पेट घेऊ शकतं. मग आउटडोअरचे दोन्ही व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करून सर्व्हिस पोर्टमधून नायट्रोजन सोडला की फक्त पाइप आणि इनडोअर तपासले जातात. प्रेशर टिकलं तर दोष बाहेरच्या युनिटात. उतरलं तर इनडोअरचे सांधे सोडवून कॉइलला प्लग लावायचे आणि ती एकटी तपासायची. शेवटचा उपाय जुनाच पण खात्रीचा: कॉइल काढून, नायट्रोजन भरून, बाथरूममधल्या पाण्याच्या टबात बुडवायची. बुडबुडा खोटं बोलत नाही.

प्रेशर किती वेळ टिकवायचं? किमान दोन तास, संथ गळतीसाठी रात्रभर. इथे तापमानाचा हिशेब धरावा लागतो. दुपारी ३३ अंशांना ३५० पीएसआय भरलं आणि सकाळी २७ अंश झाले, तर गळती नसतानाही काटा सात पीएसआयने खाली येतो. अंशाला साधारण सव्वा. त्याहून जास्त उतरलं तरच गळती. संध्याकाळी काट्याचा फोटो काढून ठेवा.

दुरुस्ती करताना तांबं-तांबं सांध्याला तांबं-फॉस्फरस रॉड चालतो, पितळ असेल तर सिल्व्हर रॉड आणि फ्लक्स. ब्रेझिंगआधी आतला आर-३२ पूर्ण काढलेलाच हवा: तो सौम्य ज्वलनशील आहे आणि ज्योतीत जळला तर हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू तयार होतो. खिडक्या उघड्या. एमसील किंवा आत ओतायचे लीक-सीलर याने थोडे दिवस निभतं, पण सीलरमुळे नंतर व्हॉल्व्ह आणि गेजचे पाइप चोक होतात. फ्लेअर नव्याने करताना जुना नट, जुनी चेपलेली कडा पुन्हा वापरू नये. पाव इंची नट १४ ते १८ न्यूटन-मीटर आणि अर्धा इंची ४९ ते ६१ इतका आवळायचा असतो. "जोर लावून" आवळलेला बारीक नट पुढच्या वर्षीच्या गळतीची सोय करून ठेवतो.

मग व्हॅक्युम पंप, किमान २० ते ३० मिनिटं, मायक्रॉन गेज (व्हॅक्युम मोजायचा) असेल तर ५०० च्या खाली, आणि पंप बंद केल्यावर दहा मिनिटं तो टिकायला हवा. सिलिंडरमधला गॅस मारून हवा बाहेर काढण्याची पद्धत आर-३२ ला धोक्याची आहेच, शिवाय पाइपमधला ओलावा तसाच राहतो. तो तेलाबरोबर आम्ल तयार करतो आणि आतून पोखरतो.

गॅस वजनकाट्यावर. युनिटच्या पट्टीवर ग्रॅममध्ये आकडा असतो. पाइपची लांबी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर मीटरमागे किती ग्रॅम वाढवायचा तेही पुस्तिकेत दिलेलं असतं. आर-४१०ए हा दोन गॅसांचं मिश्रण, म्हणून तो द्रवरूपातच सोडायचा, आणि त्यातला बराच गळला असेल तर उरलेला काढून पूर्ण नव्याने भरणं बरं. आर-२२ च्या युनिटात आर-३२ भरू देऊ नका. ते युनिट एवढ्या प्रेशरसाठी बनलेलंच नसतं.

खर्च

ठाणे-नवी मुंबईत दीड टनाच्या स्प्लिटसाठी साधारण असे भाव चालतात. मे महिन्यात वरचं टोक, दिवाळीनंतर खालचं. साधी सर्व्हिस ४०० ते ७००, जेट किंवा फोम सर्व्हिस ६०० ते १,०००. पूर्ण गॅस २,५०० ते ३,५००. नायट्रोजन टाकून गळती शोधणं ८०० ते १,५००, एका जागेचं ब्रेझिंग ८०० ते १,५००. इनडोअर कॉइल ६,००० ते १२,०००, बाहेरची कंडेन्सर कॉइल त्याहून थोडी महाग, दोन्हींत मजुरी आणि गॅस वेगळा. आउटडोअर छज्जाबाहेर, दोरी बांधून उतरावं लागत असेल तर त्याचे पैसे वेगळे लागतात, आणि तिथे घासाघीस करू नये. हार्नेस नसलेल्या माणसाला बाराव्या मजल्यावर खिडकीबाहेर पाठवू नका.

तीन वर्षं नुसता गॅस भरत राहिलात तर नऊ हजार गेले, वर कॉम्प्रेसर न थांबता चालल्याने बिल फुगलं ते निराळंच. एकदाच नायट्रोजन, ब्रेझिंग, व्हॅक्युम आणि पूर्ण गॅस घेतला तर पाच-सहा हजार. पण हा हिशेब एकाच छिद्राला लागू. पाण्यात बुडवल्यावर कॉइलला दोन-तीन जागी बुडबुडे आले, तर डाग देत बसू नका. उरलेली नळीही तितकीच पोखरलेली असते आणि चार महिन्यांत शेजारी नवं छिद्र पडतं. कॉइल बदला. ॲल्युमिनियमच्या नळ्यांची कंडेन्सर कॉइल असेल तर तिलाही बदलणं हाच मार्ग. एसी आठ-नऊ वर्षांचा किंवा आर-२२ वरचा असेल तर कॉइलवर पंधरा हजार घालण्याआधी नव्याची किंमत विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

वॉरंटी कार्ड नीट वाचा. "दहा वर्षं" हे शब्द बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसरपुरते असतात. कॉइल आणि गॅस किती वर्षं, आणि गंजाने झालेली गळती वगळली आहे का, हे वेगळ्या बारीक ओळीत असतं. एएमसी (वार्षिक देखभाल करार) घेतानाही हेच दोन प्रश्न विचारायचे. "गॅस समाविष्ट, कॉइल नाही" अशी एएमसी आपल्या भागात अर्धीच कामाची.

राहिलं वर्षभराचं. पावसाळा संपल्यावर बाहेरची कॉइल साध्या पाण्याने धुवून घ्यायची, झोत पात्यांच्या दिशेने. फेसाळणारं "पॉवर केमिकल" आम्लाचं असेल तर नको, पात्यांबरोबर नळीही खातं. ओहोटीचा वास येत असेल त्या वेळी खिडक्या बंद. हिवाळ्यात दोन आठवड्यांतून एकदा पंधरा-वीस मिनिटं एसी चालवला तरी पुरे.

काम झालं की बिलावर नुसतं "गॅस चार्जिंग" लिहून घेऊ नका. गळती कुठे सापडली, नायट्रोजन किती आणि किती वेळ ठेवला, गॅस कोणता आणि किती ग्रॅम गेला, हे तारखेसह हवं. हेच आकडे मार्करने आउटडोअरच्या बाजूला लिहून ठेवले तर पुढच्या मेकॅनिकचा तासभर वाचतो. आणि हमी ३० दिवसांची देत असतील तर वाढवून मागा. दिवसाला अर्धा ग्रॅम गळणाऱ्या एसीतून महिन्यात पंधरा ग्रॅम जातो. तेवढ्याने गारव्यात काहीच कळत नाही. हमी किमान पुढच्या मे महिन्यापर्यंतची असावी.